निरोप्याला पाणी

११ जानेवारी, रविवार

पाळकसाहेब आईच्या आजारपणासाठी गावी गेले. दोन महिने तरी येत नाहीत. जाताना रविवारची दुपारची सभा माझ्या गळ्यात मारून गेले, तीही आमच्याच ओट्यावर. विषय त्यांनीच ठरवला: पवित्र शास्त्रातले देवदूत आणि त्यांची कामं. "गुरुजी, तुम्ही सांगितलेलं पोरांना कळतं." गोड बोलणं यांच्याकडून शिकावं. चौतीस वर्षं शाळेत घालवली, आता तरी फळा सुटेल असं वाटलं होतं.

आज पहिला पाठ. विचारलं, देवदूताला पंख किती? सगळी पोरं ओरडली, दोन! म्हटलं, अब्राहामाच्या तंबूपाशी आले ते तीन पुरुष, पंखबिंख काही नाही. त्याने आधी पाय धुवायला पाणी आणलं, मग जेवायला घातलं. लोटाच्या दारात आले तेही माणसांसारखेच. पंख देवाच्या सिंहासनापाशी असणाऱ्या करूबांना, आणि यशयाने पाहिले त्या सराफीमांना, त्यांना तर सहा. दोन पंखवाले गोरे गोमटे, ते कॅलेंडरवाल्यांचे.

सोनूआजी (शेजारची, ऐंशीची, कान मात्र शाबूत): "पंख नाय, तर येतात कशाने?"

म्हटलं, एस.टी.ने. ओटा हसला. आजी हसली नाही. "मग उशीर होनारच," म्हणाली.

ज्योती, माझी सून, दारात बसून ऐकत होती. डहाणूच्या मच्छीमारांची पोर, देवीला नारळ वाहणारी. सभेत येत नाही, पण दारातून हलतही नाही. नात मांडीवर, माझा चष्म्याचा डबा चावत.

१४ जानेवारी

अंगणवाडीची बाई परत आली. वजन घेतलं, रजिस्टर उघडलं, नावाच्या रकान्यापाशी घोडं अडलं. "अजून बेबी ऑफ ज्योतीच? चौदा महिने झाले गुरुजी, तुम्ही शिकलेली माणसं!"

काय सांगणार. अनिल गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला तेव्हा ज्यो. पाच महिन्यांची पोटुशी होती. समुद्रात हद्दीची रेघ कुणाला दिसते? पलीकडच्या देशाच्या शिपायांनी बोट धरली, सगळे तुरुंगात. एक पत्र आलं, बरा आहे एवढंच. आम्ही तीन पाठवली, मुलगी झाली म्हणून कळवलं, उत्तर नाही. ज्यो. म्हणते, नाव बाप सांगेल, तोवर ठेवायचं नाही. बारशाला विहीणबाईंनी पाळणा टांगला, कानात कुर्र केलं, आणि पुढे सगळ्या बायका गप्प. आम्ही आपलं बाय, बाय करतो.

मी तिच्यावर जोर करत नाही. तिने धरून ठेवलेली ती एकच गोष्ट आहे.

१७ जानेवारी

बातमी आली, पलीकडून काही खलाशी सुटले. यादी आली. तीनदा वाचली. बोट ठेवून ठेवून वाचली. अनिल नाही.

ज्यो. ने यादी घडी करून परत दिली. "बाबा, चहा टाकू?" म्हणाली. दुपारी बायला घेऊन माहेरी गेली, आठवडाभर. बोंबील सुकवायचे दिवस आहेत, विहीणबाईंना हात हवेत. आणि तिलाही जरा रडायला जागा हवी. माझ्यासमोर रडत नाही ती.

१८ जानेवारी, रविवार

दुसरा पाठ: देवदूत निरोप आणतो. शब्दाचा अर्थच तो, पाठवलेला. हागारेची गोष्ट सांगितली. घरातून पळालेली पोटुशी दासी, रानात झऱ्यापाशी बसलेली. देवदूत आधी विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? मग पोटातल्या मुलाचं नाव सांगतो. हे आज वाचताना ध्यानात आलं. नावंही तेच आणतात. इश्माएलाचं आणलं. योहानाचं, येशूचं आणलं. स्वतःची मात्र सांगत नाहीत. सगळ्या शास्त्रात दोघांचीच कळतात, गब्रीएल आणि मीखाएल.

बरं झालं ज्यो. दारात नव्हती.

२० जानेवारी, मंगळवार

डोकं फिरलं आज. भर दुपारी एक माणूस अंगणात उभा. दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या चपला, हातात प्लास्टिकची पिशवी. अर्धं गुजराती, अर्धं मराठी. "मास्तर तमेच? अनिलचा निरोप छे."

मागच्या सुटकेच्या वेळीही बातमी आली आणि आठवड्यात एक जण हेच वाक्य घेऊन आला होता. मुलाचा निरोप, मुलाला सोडवतो, साहेब ओळखीचा. भामटा निघाला. तेव्हा ज्यो. चार दिवस जेवली नव्हती.

म्हटलं, सांग निरोप. तर म्हणतो, "बाईलाच सांगायचा. तुमाला नाय."

तिथेच तिडीक मस्तकात गेली. म्हटलं, बाई नाही घरात, चालता हो. पाणी मागितलं त्याने. म्हटलं, पुढे हापसा आहे. काठी उचलली नाही एवढंच. गेला बिचारा मुकाट्याने. वळून दोनदा बघितलं.

चांगलं केलं. ज्यो. नव्हती हे बरंच.

२५ जानेवारी, रविवार

ज्यो. काल आली. हाताला बोंबलाचा वास, बाय काळीठिक्कर झालीय उन्हाने. घर परत घरासारखं वाटलं.

तिसरा पाठ: देवदूत सेवा करतात. एलीया रानात झुडपाखाली मरण मागत पडलेला. देवदूत त्याला ओरडत नाही, उपदेशही करत नाही. उठ, खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं. खाऊन झोपला तर परत उठवून परत खाऊ घालतो. पोरांना हे फार आवडलं. एकाने विचारलं, भाजी काय होती?

शेवटी इब्री लोकांस पत्रातलं सांगितलं, परक्याचं आदरातिथ्य करा, काहींनी असं करताना नकळत देवदूतांना जेवू घातलं. सांगता सांगता त्या दाढीवाल्याची आठवण आली. झटकली. भामट्यांनाही जेवू घालायचं का, असं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही.

२७ जानेवारी

दिवा परत लावून लिहितोय.

संध्याकाळी ज्यो. ने मोबाईल दाखवला. तिच्या भावाने फोटो पाठवलाय. सुटलेले खलाशी रेल्वेतून उतरतायत, गळ्यात झेंडूच्या माळा. "बाबा, यातलं कुणी अनिलबरोबर असेल का हो आत? कुणाला विचारता येईल?"

तिसऱ्या ओळीत तो. तीच दाढी. तीच पिशवी.

म्हटलं, बघू, चष्मा बदलायला झालाय, नीट दिसत नाही. खोटं बोललो.

१ फेब्रुवारी, रविवार

आज जखऱ्या होता. आधीपासून ठरवलेला पाठ, टाळणार कसा. म्हातारा याजक. गब्रीएल उजवीकडे उभा राहून सांगतो, भिऊ नको, तुला मुलगा होईल, नाव योहान ठेव. म्हाताऱ्याला पटत नाही. कशावरून, म्हणतो. वाचा जाते त्याची. मूल होईपर्यंत मुका.

इथवर आलो आणि पुढे तोंडच उघडेना. पोरांना वाटलं, नाटक करून दाखवतोय. खूश झाली. सोनूआजी टक लावून बघत होती. सभा लवकर सोडली.

दारात ज्यो. ने पाण्याचा तांब्या पुढे केला. "घसा बसला का, बाबा?" घेववेना मला.

पाच दिवस झाले. रोज ठरवतो, आज सांगेन. रोज शेपूट घालतो. सगळ्या गावाला भीड न ठेवता बोलणारा मी, आणि एका पोरीसमोर दातखीळ. ती मला सोडून माहेरी जाईल ही भीती आहे. हे एकदा लिहून ठेवतो. मुलगा गेला, आता ही आणि बाय गेल्या तर या घरात मी काय करू?

२ फेब्रुवारी

सांगितलं.

ती अंगणात सुकटाची टोपली निवडत होती. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, फोटोचं खोटंसुद्धा. निवडायची थांबली नाही ती. एक एक करत टोपली संपवली. मग विचारलं, "पाणी दिलंत त्याला?"

नाही.

"मागितलं होतं त्याने?"

हो.

ती टोपली उचलून आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी माझं ताट वाढलं, माझ्यासमोर बसली, आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मीही. बाय दोघांकडे आळीपाळीने बघून शेवटी आपणही रडायला लागली, मग दोघांना हसू आलं.

उठताना म्हणाली, "उद्या शोधायला जायचं. तुम्ही पण. मी एकटी नाही जाणार."

३ फेब्रुवारी

सकाळी गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडला गेलो. म्हटलं, गुजरातकडचा असेल तर हायवेवरूनच आला असणार. ज्यो. कडेवर बाय घेऊन ढाब्याढाब्यावर फोटो दाखवत फिरली. मी मागे पिशवी धरून. ट्रकवाले हिंदीत, ती मराठीत, मधेच फर्डं गुजराती. मला माहीतच नव्हतं हिला एवढं गुजराती येतं. तीन वर्षं माझ्या घरात आहे.

पाचव्या का सहाव्या ठिकाणी भांडी घासणारी बाई म्हणाली, हा? हा तर इथे बाकावर दुपारभर पडून होता. कानजीभाई. उंबरगावच्या बाजूचा. सारखा बोटांवर काहीतरी मोजत पुटपुटत होता, आम्हाला वाटलं जप करतोय. दोन भाकऱ्या दिल्या त्याला.

म्हणजे माझ्या दारातून इथवर उपाशी आला. त्या बाईला नमस्कार केला, तिला काही कळलं नाही.

५ फेब्रुवारी

सापडला. जमेल तसं सगळं लिहितो.

उंबरगाव बंदराच्या वाडीत, घरापुढे जाळं दुरुस्त करत बसलेला. मला बघून उठूनच उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा. मी वाकलो त्याच्या पायाशी. "अरे, आ शूं करो छो, मास्तर!" म्हणून पाय मागे घेतले, दंड धरून मला बसवलं. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकातला योहान पाया पडला तेव्हा देवदूताने त्यालाही असंच उठवलं होतं, मीही तुझ्यासारखा चाकरच आहे म्हणून. म्हटलं, माफ कर बाबा, पाणी नाही दिलं तुला. तर हसतो! "तिकडे रोज कोई ने कोई हाकलतेच. आदत छे." आणि आपल्या बायकोला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. प्यायलो. कसं प्यायलो, माझं मला माहीत.

निरोपाची त्यांची रीत त्याने सांगितली. सुटणाऱ्याच्या अंगावर चिठ्ठी सापडली तर काढून घेतात. म्हणून मागे राहिलेले आपला निरोप सुटणाऱ्याकडून पाठ करून घेतात, चुकला की परत पहिल्यापासून. ज्याचा निरोप त्याच्याच कानात घालायचा, दुसऱ्याला नाही, अशी शपथ. आणि सगळे निरोप पोचवल्याशिवाय दाढी करायची नाही, ही कानजीभाईची स्वतःची. सात घरं होती. सहा झाली. आमचं राहिलं होतं. "परत येनार होतो. बाई आली असेल म्हणून," म्हणाला.

ज्यो. समोर बसली. त्याने डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत पुटपुटायला लागला. मधलाच निरोप काढता येत नाही, पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. दुसऱ्यांचे ओठातल्या ओठात. मग आवाज मोठा झाला, आणि देवाशपथ, शुद्ध मराठी, अनिलची बोलण्याची ढब, वाक्याच्या शेवटी दम टाकण्यासकट:

"ज्योती, मी बरा आहे. खोकला होता, गेला. मुलगा की मुलगी ते मला कळलं नाही. नाव काय ठेवलंस तेवढं कळव. इथे सांजेला दिवे लागायच्या वेळेला सगळे ओळीने बसतात, आपापल्या पोरांची नावं घेतात, देवाकडे मागतात. माझी पाळी आली की मी नुसताच थांबतो. पुढचा पण थांबतो माझ्यासाठी. बाबांना सांग, इथे चार जणांना सही करायला शिकवली. अंगठा सुटला त्यांचा. रागावू नका म्हणावं."

संपलं. कानजीभाईने डोळे उघडले आणि पहिलं काय केलं, तर दाढीवरून हात फिरवला.

डी.एड. अर्धवट टाकून बोटीवर गेला म्हणून जायच्या दिवशी त्याच्याशी बोललो नव्हतो मी. एस.टी. सुटली तरी ओट्यावरून उठलो नव्हतो.

ज्यो. ने बायला उचलून कानजीभाईच्या मांडीवर ठेवलं. "मुलगी," म्हणाली. एवढंच.

परत येताना रिक्षात म्हणाली, "बाबा, मी त्याच्यासाठी थांबले. तो माझ्यासाठी थांबला. चौदा महिने पोरीला कुणी नावाने देवाकडे मागितलंच नाही." मी म्हटलं, चूक तुझी नाही. म्हणाली, "चूक नाहीच कुणाची. पण आता उशीर नको."

८ फेब्रुवारी, रविवार

पाचवा पाठ: देवदूत सोडवतात. पेत्राची सुटका, प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारा. दोन शिपायांच्या मधे साखळ्यांनी बांधलेला, आणि चक्क झोपलेला. देवदूत कुशीत ढोसून उठवतो, कंबर बांध म्हणतो, वहाणा घाल, झगा पांघर. आईसारखं एक एक सांगतो. लोखंडी दार आपोआप उघडतं, एका गल्लीपर्यंत सोबत करतो आणि निघून जातो. पुढचं पेत्राने स्वतः चालायचं.

सोनूआजीने नेमक्या जागी हात घातलाच. "त्याच अध्यायात आधी याकोबाला मारला ना तलवारीने? त्याच्याकडं का नाय गेला देवदूत?"

चौतीस वर्षांत वर्गात जे म्हटलं नव्हतं ते म्हटलं. मला माहीत नाही, आजी. शास्त्र सांगत नाही. त्यांना पाठवतो तो देव, आपल्या हाकेला धावणारे ते गडी नव्हेत. मंडळी दोघांसाठीही रडली असेल, एवढं मला कळतं.

आजीने मान हलवली. "आता खरं बोललास."

मग उरलेली गोष्ट. पेत्र येऊन दार ठोठावतो. आत सगळे त्याच्याचसाठी प्रार्थना करतायत. रुदा नावाची पोर आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरते, आत धावत जाऊन सांगते, पेत्र दारात उभाय. सगळी मोठी माणसं म्हणतात, वेडी आहेस, त्याचा देवदूत असेल. ती आपली म्हणत राहते, तोच आहे, तोच आहे.

आज ज्यो. दारातून उठून ओट्यावर येऊन बसली. सगळ्यांनी थोडं सरकून जागा केली.

१० फेब्रुवारी

"रुदा ठेवायचं," भाकरी थापता थापता म्हणाली. मी म्हटलं, दासी होती ती, मोठ्या घरची नव्हे, बघ बाई. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "सगळ्या शहाण्यांत तिलाच ऐकू आलं. मला तेच नाव पाहिजे." आणि जरा थांबून, "माझ्या आईला तुम्ही सांगायचं हां. मी नाही."

विहीणबाईंना फोन केला. आधी पंधरा मिनिटं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, म्हणायला सोपं आहे, चालेल. येताना पाळणा घेऊन येते, राहिलेलं कुर्र पुरं करायचंय.

दुपारी पत्र लिहिलं. ज्यो. सांगत होती, मी लिहीत होतो. मुलगी आहे. रुदा नाव. दात सहा. खाली मी माझं लिहिलं: अनिल, मी रागावलेलो नाही. चौघांना सही शिकवलीस, मला फार अभिमान वाटला. चारदा वाचलं, पाकिटात घातलं. सरकारमार्फत जाणार. किती ठिकाणी उघडतील, किती ठिकाणी पडून राहील, सांगता येत नाही. दुसरी प्रत काढून ठेवलीय. दर पंधरवड्याला पाठवायची, ठरलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

अंगणवाडीच्या रजिस्टरात नाव चढलं. पोरीला मात्र पत्ता नाही. रुदा म्हटलं तर ढिम्म, बाय म्हटलं की गर्रकन मान वळते. ज्यो. दिवसभर हट्टाने रुदा, रुदा. मी म्हटलं, सवय व्हायला वेळ लागेल तिला. म्हणाली, "त्याला पण लागेल ना तिकडे. जिभेवर बसायला."

पत्राचं काही कळलेलं नाही. नवी यादी नाही. कानजीभाई परवा येऊन गेला, गुळगुळीत दाढी केलेला, ओळखू येईना. जेवला. त्यालाही काही माहीत नाही.

सभेनंतर सगळे गेले. दिवे लागायची वेळ झाली तसे आम्ही तिघं ओट्यावर बसलो, हल्ली रोज बसतो. ज्यो. ने हात जोडले, मी डोळे मिटले. तिने अनिलचं नाव घेतलं, मग रुदाचं. मी आमेन म्हणणार, तेवढ्यात तिने माझ्या हातावर हात ठेवला. "थांबा, बाबा. आता त्याची पाळी असेल."

थांबलो.